झोत ‘दिसला’ म्हणजे नेमके काय झाले?

जड अणुकेंद्रकांच्या टकरीची गोष्ट वर्तमानपत्रांत, शाळांतल्या व्याख्यानांत आणि विज्ञानाच्या पुस्तकांत साधारणपणे एकाच पद्धतीने सांगितली जाते. शिशाची दोन अणुकेंद्रके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळतात. त्यांतील प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क आणि ग्लुऑन यांचे अतितप्त मिश्रण क्षणभर तयार होते. त्याच वेळी आत दोन क्वार्कांची जोराची टक्कर झाली असेल, तर ते विरुद्ध दिशांना फेकले जातात. त्यातला एक सहज निसटतो आणि कणांचा झोत, म्हणजे ‘जेट’, होऊन दिसतो. दुसरा त्या मिश्रणात अडकतो आणि त्याचा झोत विझतो. सोबत एक चित्र असते. डिटेक्टरचे नळकांडे उलगडून सपाट केलेले, त्यावर एका बाजूला ऊर्जेचा उंच मनोरा, आणि समोर जिथे दुसरा मनोरा हवा तिथे जवळजवळ काहीच नाही. चित्राखालची ओळही ठरलेली असते: शास्त्रज्ञांना झोत विझताना दिसला.

ही गोष्ट खोटी नाही. आम्ही स्वतः ती अनेक ठिकाणी, याच चित्रासह सांगितली आहे. नागपूरला सीताबर्डीतल्या एका लहानशा सभागृहात शिक्षकांसमोर ती पुन्हा सांगून झाली, चहा आला, आणि मागच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने विचारले, “सर, त्या मनोऱ्यात कोणते कण धरायचे अन् कोणते सोडायचे, हे ठरवलं कोणी?” आम्ही म्हणालो, “संगणक ठरवतो.” बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे समाधान झाले नव्हते हे आम्हाला कळत होते. आमचे उत्तर वाईट होते. संगणक काहीच ठरवत नाही. त्याला जो नियम दिला तो तो पाळतो. नियम कोणी दिला, का दिला, आणि वेगळा दिला असता तर चित्र बदलले असते का, हा खरा प्रश्न होता. तो आम्ही टाळला. प्रचलित कथनही तो टाळते. त्या कथनावर, आणि अर्थातच आमच्या स्वतःच्या व्याख्यानावर, टीका करण्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात ‘दिसला’ या क्रियापदापासून करू. क्वार्क एकटा बाहेर येत नाही. तो बाहेर पडू लागला की वाटेत नवे क्वार्क-प्रतिक्वार्क तयार होऊन पायॉन, केऑन, प्रोटॉन असे नेहमीचे कण बनतात आणि ते सगळे साधारण त्याच दिशेने निघतात. या कणांच्या जुडग्याला झोत म्हणायचे. झोतांचा पहिला भक्कम पुरावा १९७५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या ‘स्पिअर’ या यंत्रावर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींतून मिळाला. गंमत अशी, की तिथे कोणालाही चित्रात झोत दिसला नव्हता. ऊर्जा इतकी कमी होती की एकेका टकरीचे चित्र पाहून कण सर्व दिशांना सारखे पसरले आहेत की दोन बाजूंना एकवटले आहेत, हे सांगणे अशक्य होते. गेल हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो टकरींत कणांच्या मांडणीचा ‘गोलपणा’ मोजला. तो ऊर्जेबरोबर कमी होत जातो, आणि दोन झोत गृहीत धरून केलेल्या हिशेबाशी जुळतो, असे त्यांनी दाखवले. १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या ‘पेट्रा’ यंत्रावर तीन झोतांच्या टकरी मिळाल्या आणि ग्लुऑनचा पुरावा हाती आला. डोळ्यांना पटावेत असे दोन उंच मनोरे प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरींत दिसले ते १९८२ साली, सर्नच्या ‘यूए-२’ प्रयोगात. म्हणजे झोत आधी आकडेमोडीत सापडला आणि चित्रात नंतर दिसला. प्रचलित कथन हा क्रम उलटा करून टाकते.

एकदा मनोरे डोळ्यांना दिसू लागले की व्याख्येची गरज काय, असे वाटू शकते. गरज तेव्हाच जास्त असते. मनोऱ्याची उंची मोजून ती सिद्धान्ताशी ताडायची असेल, तर मनोरा कुठे संपतो हे सांगावे लागते. जॉर्ज स्टरमन आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७७ मध्येच हे ओळखले होते. त्यांनी म्हटले, की दोन शंकू घ्या. टकरीतील ऊर्जेचा एक ठरावीक लहानसा अंश सोडून बाकीची सगळी ऊर्जा या दोन शंकूंत मावत असेल, तर ती द्विझोत टक्कर. शंकूचा कोन आणि सोडून द्यायचा अंश हे दोन्ही आपण निवडायचे. या निवडीवर एक अट मात्र निसर्गाने घातली आहे. क्वार्क वाटेत अगदी क्षीण ग्लुऑन टाकू शकतो, किंवा एक ग्लुऑन जवळजवळ एकाच दिशेने जाणाऱ्या दोन ग्लुऑनांत दुभंगू शकतो. अशा घटना इतक्या सहज घडतात की त्यांचा हिशेब अनंताकडे पळतो. तेव्हा झोताची व्याख्या अशी हवी, की एखादा क्षीण कण वाढला किंवा एका कणाचे दोन झाले, तरी झोतांची संख्या आणि ऊर्जा बदलू नये.

ही अट ऐकायला सोपी आहे, पण बरीच वर्षे वापरात असलेल्या अनेक कृती ती पाळत नव्हत्या. एक लोकप्रिय कृती अशी होती, की जोरदार कणांना ‘बीज’ मानायचे, प्रत्येक बीजाभोवती वर्तुळ काढायचे, आतल्या कणांचा मध्य शोधायचा, वर्तुळ त्या मध्यावर सरकवायचे, आणि ते स्थिर होईपर्यंत हेच करीत राहायचे. समजा दोन जोरदार कण एकमेकांपासून वर्तुळाच्या दीड त्रिज्येवर आहेत. दोघांभोवती वेगवेगळी वर्तुळे स्थिर होतात, झोत दोन. आता त्यांच्या बरोबर मध्ये नगण्य ऊर्जेचा एक कण आला आणि तोही बीज धरला गेला, तर त्याच्या वर्तुळात दोघेही मावतात आणि झोत एकच होऊ शकतो. धुळीच्या कणाने दोन डोंगरांचा एक डोंगर केला! गणित करणाऱ्यांनी याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार केली आणि प्रयोग करणाऱ्यांनी सोयीसाठी ती वर्षानुवर्षे बाजूला ठेवली. या इतिहासाचा उल्लेख लोकप्रिय लेखनात आम्हाला क्वचितच आढळला आहे. विज्ञानात भांडण कशावरून होते याचा इतका बोलका नमुना शिक्षकांपासून का लपवावा, हे आम्हाला कळत नाही.

आज बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी कृती मातेओ काच्चारी, गॅव्हिन सलाम आणि ग्रेगरी सोयेझ यांनी २००८ मध्ये मांडली. तिला ‘अँटी-केटी’ म्हणतात. कल्पना अशी, की कणांमधील अंतर मोजताना त्यांच्या आडव्या संवेगाचा विचार करायचा. आडवा संवेग म्हणजे शलाकेच्या काटकोनातील संवेग. जोडीतल्या जोरदार कणाचा संवेग जितका मोठा, तितके त्या जोडीचे अंतर लहान धरायचे. मग सर्वांत ‘जवळची’ जोडी एकत्र करायची आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. परिणामी प्रत्येक जोरदार कण आपल्या भोवतीचे क्षीण कण, ठरलेल्या त्रिज्येपर्यंत, गोळा करतो. क्षीण कण आपापसांत गट करीत बसत नाहीत. झोताची कड जवळजवळ वर्तुळाकार येते आणि वरची अट पाळली जाते. याच्या थोडे आधी, २००५ च्या अखेरीस, काच्चारी आणि सलाम यांनी भूमितीच्या साहाय्याने अशा कृती फार वेगाने चालवण्याची युक्ती दाखवली होती. पूर्वी कणांची संख्या दुप्पट झाली की काम आठपट होई. प्रोटॉनांच्या टकरीत ते खपून जात असे, पण जिथे एका टकरीत हजारो कण निघतात तिथे अशा कृती वापरणेच अवघड होते.

आता आपण मूळ विषयाकडे, म्हणजे जड अणुकेंद्रकांकडे येतो. इथे केवळ कृती चांगली असून भागत नाही, कारण झोत ज्या गर्दीत असतो ती गर्दी झोताइतकीच मोठी असते.

नागपूरकरांना ही अडचण समजावून सांगायला बर्डीचा मेन रोड पुरेसा आहे. शनिवारची संध्याकाळ, दुकाने उघडी, फुटपाथवर विक्रेते, व्हरायटी चौकाकडून येणारी-जाणारी माणसे. आपण एखाद्या उंच गच्चीवरून खाली पाहत आहोत. या गर्दीत वीस जणांचे एक लग्नघर खरेदीला आले आहे आणि ते जवळजवळ राहून चालते आहे. कोण त्यांच्यातले आणि कोण इतर, हे वरून ओळखता येत नाही. कोणाच्या पाठीवर नाव लिहिलेले नसते. लग्नघरात माणसे किती, हे शोधायचे आहे. एकच मार्ग आहे. जिथे दाटी दिसते तिथे एक वर्तुळ कल्पायचे, आतली सगळी डोकी मोजायची, आणि तेवढ्या जागेत एरवी सरासरी किती माणसे असतात ती संख्या वजा करायची. समजा एरवी शंभर असतात आणि आपण १२० मोजली, तर उत्तर वीस. पण एरवीची शंभर ही सरासरी आहे. लग्नघर नसतानाही त्याच वर्तुळात कधी ९० तर कधी ११० माणसे असतातच. म्हणजे आपले उत्तर वीस, अधिक-उणे दहा. आणि ज्या वर्तुळात केवळ योगायोगाने ११५ माणसे जमली होती, तिथे कोणतेही लग्नघर नसताना आपल्याला पंधरा जणांचे लग्नघर ‘दिसते’.

वजा करायची सरासरी कशी काढायची, यातही खोच आहे. रस्त्याचे नऊ सारखे तुकडे केले आणि त्यांत ९६, १०४, ९९, ११०, ९२, १०१, ९८, १०५ आणि २०५ माणसे मिळाली असे समजू. शेवटच्या तुकड्यात वरात आहे हे उघड आहे. सगळ्यांची सरासरी ११२ येते. पण ती वरातीनेच फुगवलेली आहे, आणि ती वजा केली तर वरातीत ९३ माणसे मिळतात. त्याऐवजी संख्या चढत्या क्रमाने लावून मधली घेतली तर ती १०१ येते आणि वरातीत १०४ माणसे मिळतात. जड अणुकेंद्रकांच्या टकरीत हीच मध्यक वापरण्याची पद्धत रूढ आहे: प्रत्येक टकरीत एकक क्षेत्रफळामागे आडवा संवेग किती, याचा मध्यक काढायचा, झोताच्या क्षेत्रफळाने गुणायचा आणि वजा करायचा. मध्यक शिकवून झाल्यावर ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावे.

प्रत्यक्ष आकडे पाहू. सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगात मुंबईच्या आय.आय.टी.सह अनेक भारतीय संस्था सहभागी आहेत. २०१० साली या प्रयोगाने शिशाच्या टकरी मोजल्या, ऊर्जा न्यूक्लिऑनांच्या प्रत्येक जोडीमागे २.७६ टीईव्ही. अगदी समोरासमोरच्या टकरीत शलाकेच्या काटकोनाच्या आसपास, कोनमापाच्या एका एककात, सुमारे १६०० विद्युतभारित कण निघाले. झोताची त्रिज्या बहुधा ०.४ घेतात. शलाकेच्या काटकोनात ती ०.४ रेडियन, म्हणजे सुमारे २३ अंश होते. अशा वर्तुळाचे क्षेत्रफळ जेमतेम अर्धे एकक. त्यात आमच्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास भारित कण येतात. त्यांचा एकूण आडवा संवेग सुमारे ७० जीईव्ही. आणि २०१२ मध्ये ‘ॲलिस’ने मोजून सांगितले, की या पार्श्वभूमीचा वर-खाली होण्याचा प्रमाण विचलनांक सुमारे ११ जीईव्ही आहे. म्हणजे ४० जीईव्हीचा झोत शोधायचा तर तो ७० च्या ढिगाखाली आहे, आणि ढिगाची उंचीच जागोजागी ११ ने कमी-जास्त आहे. हा चढ-उतार केवळ कणसंख्येच्या वर्गमुळातून येत नाही. बर्डीवर जशी माणसे घोळक्याने चालतात आणि चौकाजवळ जास्त दाटतात, तसाच टकरीतला प्रवाहही सर्व दिशांना सारखा नसतो. त्याचीही भर पडते.

यावर कोणी म्हणेल, की चढ-उतार दोन्ही बाजूंना असतो, शेवटी सारखे होईल. होत नाही. झोतांची संख्या त्यांच्या संवेगाबरोबर फार झपाट्याने घटते. ढोबळमानाने पाचव्या घाताने घटते असे धरले, तर ५० जीईव्हीचे झोत ६० च्या अडीचपट असतात. तेव्हा ५० वरून चुकून ६० वर चढणारे पुष्कळ आणि ६० वरून खाली घसरणारे थोडे. मोजलेल्या ६० च्या रांगेत खरे साठ अल्पसंख्य होतात. हा गोंधळ गणिताने उलगडता येतो. परंतु त्या उलगडणीत खऱ्या आलेखाचा आकार साधारण कसा असेल, याचा अंदाज आधीच घालावा लागतो. प्रामाणिक शोधनिबंध वेगवेगळे अंदाज घालून उत्तर किती बदलते ते देतात. वर्तमानपत्रांपर्यंत त्यातले काही पोहोचत नाही.

आता ज्या चित्राने हे सगळे लोकप्रिय झाले त्याकडे वळू. झोत विझण्याची कल्पना जेम्स ब्योर्केन यांनी १९८२ मध्ये एका टिपणात मांडली. टक्कर मिश्रणाच्या कडेजवळ झाली तर एक झोत निसटेल आणि दुसरा पूर्ण शोषला जाईल, असे त्यांनी सुचवले होते. ब्रुकहेवनच्या ‘रिक’ यंत्रावर सोन्याच्या टकरी २००० साली सुरू झाल्या. जोरदार कणांची संख्या अपेक्षेच्या सुमारे एक पंचमांश भरली, आणि २००३ मध्ये ‘स्टार’ प्रयोगाने समोरासमोरच्या कणजोड्यांपैकी पलीकडचा जोडीदार नाहीसा होतो असे दाखवले. त्याच वर्षी सोन्यावर ड्यूटेरॉन आदळून पाहिले; तप्त मिश्रण नाही, तर नाहीसे होणेही नाही. उत्तम प्रयोगरचनेचा हा नमुना आहे. पण हे सर्व एकेका कणावरून केलेले अनुमान होते. पूर्ण झोत मोजले गेले ते सर्नमध्ये. नोव्हेंबर २०१० मध्ये शिशाच्या टकरी सुरू झाल्या आणि जेमतेम तीन आठवड्यांत ‘ॲटलास’ गटाने निबंध पाठवला. पहिला झोत १०० जीईव्हीच्या वर, समोरचा किमान २५ च्या वर, आणि दोघांतील फरक भागिले बेरीज म्हणजे ‘असमतोल’. समोरासमोरच्या टकरींत हा असमतोल प्रोटॉनांच्या टकरींपेक्षा बराच जास्त होता. मनोरा आणि सपाट जमीन यांचे ते चित्र जगभर छापले गेले.

दोनच महिन्यांत, जानेवारी २०११ मध्ये, काच्चारी, सलाम आणि सोयेझ यांचेच एक टिपण आले. त्यांनी विचारले, की हा असमतोल किती प्रमाणात पार्श्वभूमीच्या चढ-उतारामुळे आहे? एका झोताखालची गर्दी योगायोगाने जास्त आणि समोरच्या खालची कमी असेल, तर विझणे नसतानाही फरक पडेल. त्यांनी अनुकरण करून दाखवले, की चढ-उतार मोठा धरला तर असमतोलाच्या आलेखाचा आकार बराच बदलतो. तसेच अनुकरणात कमी संवेगाच्या टकरी कुठून पुढे घेतल्या, यावरही उत्तर अवलंबून असते. झोत विझतच नाहीत असे त्यांचे म्हणणे नव्हते. किती विझतात ते सांगायचे असेल तर आधी चढ-उतार नीट मोजा, एवढीच मागणी होती. ‘ॲलिस’चा ११ जीईव्हीचा आकडा त्यानंतरचा आहे.

आमच्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत शिकवण्याजोगा भाग हाच आहे, आणि नेमका तोच गाळला जातो. गाळण्याचे कारणही समजते. ‘शास्त्रज्ञांना झोत विझताना दिसला’ या वाक्यापुढे ‘पण वजाबाकी तपासून पाहा’ हे वाक्य रसभंग करते. पण रसभंगाच्या भीतीने आपण वाचकाला अशी समजूत देतो, की चित्र हाच पुरावा. चित्र निवडलेले असते. हजारो टकरींतून सर्वांत ठसठशीत असमतोल असलेली टक्कर काढून छापलेली असते. आणि मोठ्या चढ-उताराची टक्करही अगदी तशीच दिसू शकते. एका चित्रावरून दोन्हींत फरक करता येत नाही. पुण्यात वाढलेल्या रोहिणी गोडबोले यांचे या निमित्ताने स्मरण होते. १९९१ मध्ये मॅन्युएल ड्रीज यांच्याबरोबर त्यांनी दाखवले, की भावी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांत शलाकांतून सुटणारे फोटॉनच एकमेकांवर आदळून नको असलेल्या हॅड्रॉनांची गर्दी निर्माण करू शकतील, आणि यंत्राचा आराखडा करतानाच तिचा विचार करावा लागेल. 

दुसरा आक्षेप ‘ऊर्जा नाहीशी झाली’ या शब्दप्रयोगाला. आठवीतला विद्यार्थीही विचारील, ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर ‘सीएमएस’ गटाने २०११ मध्ये दिले. या गटात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र आहेत. डिटेक्टरच्या चुंबकाबाहेर बसवलेला बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापक उभारण्यात टाटा संस्थेचा मोठा वाटा आहे. ‘सीएमएस’ने झोतापुरते न पाहता टकरीतील सगळ्या भारित कणांचा संवेग झोतांच्या अक्षावर प्रक्षेपित करून बेरीज केली. बेरीज जुळली. दुबळ्या झोताच्या बाजूला उणे पडलेला संवेग मंद कणांच्या रूपात, झोताच्या अक्षापासून ०.८ पेक्षाही दूर पसरलेला सापडला. म्हणजे ऊर्जा वर्तुळाबाहेर गेली होती. वर्तुळ आपण काढले होते.

तिसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे, पण शिक्षकांना तो लगेच पटेल. नववीत कच्च्या विद्यार्थ्यांना अडवून ठेवायचे आणि मग दहावीचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून फलक लावायचा, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. ‘१०० जीईव्हीच्या वरचे झोत घ्या’ असे म्हटले की तेच होते. ज्यांनी बरीच ऊर्जा गमावली ते १०० च्या खाली गेले आणि हिशेबातून बाद झाले. उरले ते कमी गमावलेले. मग उरलेल्यांची तपासणी करून ‘मिश्रणाचा झोताच्या अंतर्रचनेवर अमुक परिणाम होतो’ असे सांगणे म्हणजे त्या फलकावरून शाळेतले अध्यापन जोखणे. शोधनिबंधांतही हा दोष काही वेळा पुरेसा तपासला गेलेला नसतो, असे आमचे मत आहे.

यातून बाहेर पडायची एक सुंदर वाट आहे, आणि व्याख्यानात आम्ही आता मनोऱ्याच्या चित्राऐवजी ती सांगतो. कधी कधी टकरीत क्वार्कासमोर दुसरा क्वार्क न निघता फोटॉन निघतो. फोटॉनला या मिश्रणातील तीव्र आंतरक्रिया लागू नाही. तो जसा निघाला तसाच बाहेर येतो. म्हणजे समोरच्या क्वार्काला सुरुवातीला साधारण किती संवेग मिळाला, हे फोटॉन सांगतो. निवड फोटॉनवरून करायची आणि मोजायचा झोत. नववीतल्या अडवणुकीला बराच आळा बसतो. ‘सीएमएस’ने हे केले आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. झोताचा संवेग भागिले फोटॉनचा संवेग हे गुणोत्तर, मिश्रण नसते तर सरासरी ०.८६ अपेक्षित होते. समोरासमोरच्या टकरींत ते ०.७३ मिळाले. पहिला आकडा पूर्ण एक का नाही, असा प्रश्न वर्गात येईलच. झोताचा काही भाग वर्तुळाबाहेर जातो आणि कधी तिसरा झोतही वाटा घेतो. मिश्रणाचा परिणाम म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक. चित्र नसले तरी हा पुरावा मनोऱ्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

हे वर्गात करून पाहता येते. कापडावर किंवा मोठ्या कागदावर बुद्धिबळाच्या पटासारखी ६४ घरे आखावीत. ज्वारीचे ६४० दाणे वरून जमेल तितके सारखे पसरावेत. घरटी सरासरी दहा. मग एका विद्यार्थ्याने बाकीच्यांना न सांगता एका घरात पाच दाणे जास्त टाकावेत. इतरांनी ते घर शोधावे. बहुधा सापडणार नाही, कारण काहीच न टाकता देखील सुमारे पाच घरांत १५ किंवा अधिक दाणे आढळतात आणि एखाद्या घरात १७-१८ ही निघतात. पाचऐवजी वीस दाणे टाकले तर घर लगेच सापडते. मधल्या संख्यांना काय होते, हे मुलांनीच शोधावे. हाताने पसरलेले दाणे मध्यभागी जास्त पडतात. ते पडू द्यावेत, टकरीतला प्रवाहही तसाच असतो.

शेवटी प्रत्येक घरातून मध्यक वजा करायला सांगावा. निम्म्याच्या आसपास घरांत उत्तर ऋण येईल. इथे लक्ष ठेवावे लागते, कारण मुले ऋण उत्तरे खोडतात किंवा शून्य लिहितात. आमच्या विद्यार्थिदशेत प्रयोगवहीत आम्हीही तेच करत असू आणि त्याला ‘नीटनेटकी वही’ म्हणून शाबासकी मिळे. ऋण उत्तरे टाकली की उरलेल्यांची बेरीज फुगते आणि नसलेले झोत सगळीकडे उगवतात. ‘ॲलिस’चे संशोधक वजाबाकीनंतरचे ऋण संवेगही आलेखात ठेवतात, आणि चढ-उतार किती आहे हे कळायला त्या ऋण बाजूचा मोठा उपयोग होतो.

राहता राहिला त्या शिक्षिकेचा प्रश्न. वर्तुळाची त्रिज्या ०.४ घेतात ती तडजोड म्हणून. मोठी घेतली तर झोताचा अधिक भाग आत येतो, पण पार्श्वभूमी त्रिज्येच्या वर्गाने वाढते. विझलेल्या झोताची ऊर्जा दूरवर पसरते असे २०११ मध्ये कळले, तेव्हा त्रिज्या वाढवीत नेली तर ती परत हिशेबात यावी आणि झोतांची घटलेली संख्या भरून निघावी, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. २०२१ मध्ये ‘सीएमएस’ने ती १.० पर्यंत नेऊन पाहिली. अतिशय जोरदार झोतांच्या बाबतीत घट फारशी भरून निघाली नाही. मोठे वर्तुळ सुटलेली ऊर्जा गोळा करते. पण रुंद झोतात मुळातच शाखा जास्त असतात आणि प्रत्येक शाखा मिश्रणात आपापली ऊर्जा गमावते, म्हणून त्याचे नुकसानही अधिक होऊ शकते. या दोन परिणामांचा हिशेब वेगवेगळे सिद्धान्त वेगवेगळा मांडतात, आणि त्यातला कोणता बरोबर हे अजून ठरलेले नाही.